बिघाडाची बदली

जीप उंच करणं सोपं आहे. उंच केलेली जीप चालवणं अवघड, आणि ती चालत का नाही हे घरच्यांना समजावून सांगणं सगळ्यात अवघड. वाशीम जिल्ह्यात या तिन्ही विद्यांचे जाणकार आहेत. लग्नात, तेरवीत, बाजार समितीच्या आवारात ते एकमेकांना बरोबर हुडकून काढतात आणि रामराम व्हायच्या आत एकमेकांच्या गाडीखाली वाकतात. माणसाची ओळख नंतर, आधी त्याच्या एक्सलची. त्यांच्यातही वरिष्ठ-कनिष्ठ असतात. 1 जुलै 1998 ला आमचा जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. जुन्या गाड्यांवर अकोल्याचा एमएच 30 राहिला, पुढच्यांना एमएच 37 मिळाला. एमएच 30 चा मालक एमएच 37 वाल्याच्या गाडीला 'तुमची नवी गाडी' म्हणतो. नवी म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची.

जुनं यंत्र मरू न देण्याची हौस आमच्या मुलखाला आहेच. कारंज्यावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला तयार झालं होतं, आणि ते 1994 पर्यंत कामावर होतं. अशा मुलखात चाळीस वर्षांची जीप म्हणजे अजून नोकरीला लागायच्या वयाची.

जीप आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धाची उरलेली हौस म्हणून. 1945 साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीनं 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे नटबोल्ट आवळले जायचे. मग सपाट तोंडाची, उंच बोनेटची सीजे थ्री बी आली, आणि 1985 मध्ये प्यूजोचं 2112 सीसी डिझेल इंजिन घेऊन एमएम 540. खेड्यात मात्र कुणी मॉडेल विचारत नसे. जीप म्हणजे साहेब. मानोऱ्याकडच्या तांड्यावर धुरळा उठला की लोक ओळखायचे, तलाठ्याच्या वरचं कुणीतरी येऊन राहिलं. साहेब निवृत्त व्हायचे, गाडी लिलावात निघायची, आणि ज्यांच्या दारापुढे ती कधी थांबली नव्हती असे लोक बोली लावायचे. आता तेही संपलं. 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द होते आणि गाडी थेट भंगारात जाते. त्यामुळे ज्यांनी आधी घेऊन ठेवल्या, त्यांच्या चालीत आता सोनं घेऊन ठेवलेल्या माणसाचा रुबाब आला आहे.

आमचे काका त्यांपैकी एक. त्यांची जीप कोणत्या खात्याची ते सांगत नाहीत. दारावर तीनदा रंग मारला तरी दुपारच्या उन्हात 'शासन' एवढी अक्षरं वर येतात, आणि नाक्यावरचा नवखा शिपाई अजून कधीमधी सलाम ठोकतो. काका तो घेतात.

घ्यायचं कारण विचारलं तर 'शेतासाठी'. आमच्याकडे सगळं शेतासाठीच घेतात. फ्रिज घेतानासुद्धा काकांनी आधी बियाण्याचं नाव पुढे केलं होतं. पण या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात तीच जमीन फुगून त्या भेगा गिळते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन आकारानं वाढते. अशा जमिनीतून गेलेली पाणंद जूननंतर रस्ता राहत नाही. पाय घातला तर चप्पल आत राहते, आणि ती काढायला वाकलं तर दुसरी. तेव्हा चारही चाकं ओढणारी गाडी पाहिजे, आणि ती उंच पाहिजे, इथपर्यंत काकांचं तर्कशास्त्र निर्दोष होतं.

उंच करायची रीत साधी आहे. मुळात या गाडीचे कमानपाटे एक्सलच्या खालून जातात. ते काढायचे, एक्सलवर नव्या बैठका वेल्ड करायच्या, आणि पाटे वर बसवून यू-बोल्ट उलटे आवळायचे. गाडी चार-पाच इंच वर जाते. नवं सामान जवळपास लागत नाही, म्हणून तर लोकांना मोह होतो. पुसद नाक्याच्या बाजूला एक उस्ताद आहेत, त्यांनी हे काम केलं. जीप घरी आली तेव्हा आळीतली पोरं गोळा झाली. काकूंनी पदर खोचला, एक पाय उचलला, तो परत खाली ठेवला आणि म्हणाल्या, "यात बसाले शिडी देल्ली का कंपनीनं?" तेव्हापासून मागच्या सीटखाली प्लास्टिकचं स्टूल असतं. या गाडीवरचं आजवर न बिघडलेलं एकमेव सामान ते.

इथून पुढे उस्तादांचं तत्त्वज्ञान सुरू होतं, आणि ते समजल्याशिवाय पुढचं बिल समजत नाही.

गाडी उचलली म्हणजे काय झालं? इंजिन, गिअर बॉक्स वर गेले. एक्सल जमिनीवरच राहिला. दोघांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट आधी जवळजवळ आडवा होता, तो आता तिरपा झाला. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, ज्यांच्या जोरावर शाफ्ट वाकड्या अंगानंही फिरतो. पण क्रॉस फुकट वाकत नाही. कोनात फिरणारा असा सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाची चूक दुसरा भरून काढतो आणि चाकाला काही कळत नाही. कोन वेगळे झाले की पन्नासच्या पुढे गाडी थरथरायला लागते. काकांच्या गाडीत आरसा असा हलायचा की मागची एक मोटारसायकल चार दिसायची. उस्तादांनी पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालून पिनियनचं तोंड वर केलं. थरथर गेली. मग क्रॉस वारंवार जायला लागले, म्हणून मोठ्या मापाचे, दणकट क्रॉस घातले. क्रॉस टिकले. पिनियनचं सील गळायला लागलं.

"पाह्य भाऊ," उस्ताद मला म्हणाले, "ज्याले तुमी मजबूत करता, थो नाही तुटत. त्याच्या बाजूचा तुटते."

उस्तादांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला काकांच्या गाडीचा इतिहास पाहता आणखी स्पष्ट दिसलं. गाडी सरकारी, तेव्हा बिघाडही सरकारी. तो बडतर्फ होत नाही, निवृत्त होत नाही. त्याची बदली होते. आणि प्रत्येक बदली वरच्या पगारावर.

पिनियन सांभाळून झालं तेव्हा काकांना टायर दिसले. उंच गाडीच्या कमानीत मूळ 6.00-16 चे टायर अगदी कुपोषित वाटतात, हे खरंच आहे. त्यांची उंची साधारण साडेअठ्ठावीस इंच. काकांनी 31 इंची घेतले. आता हिशोब असा: सीजे थ्री बीच्या एक्सलमध्ये 43 दातांचं क्राऊन आणि 8 दातांचं पिनियन, म्हणजे 5.38 चं प्रमाण. टायर मोठे झाल्यावर इंजिनाला ते 4.95 च्या आसपास भासतं. म्हणजे कुणीतरी रात्रीतून गिअर चढवून ठेवल्यासारखं. स्पीडोमीटरच्या काट्याला यातलं काही कळवलेलं नसतं. तो 60 दाखवतो तेव्हा गाडी 65 वर असते. काकांच्या गाडीत हा प्रश्न आला नाही, कारण तिचा काटा लिलावाच्या आधीपासून चाळीसवर स्थिर आहे. शेजारच्या अंगणात उभी असतानाही ती चाळीसनं उभी असते.

जड टायर ओढताना क्लच प्लेट जळायला लागली. शेलूबाजारच्या चढावर तो वास आला की काकू खिडकीबाहेर बघून म्हणत, "कोनाचं तरी करपून राह्यलं." उस्तादांनी जास्त ताकदीची प्रेशर प्लेट टाकली. क्लच टिकला, पण पेडल असं झालं की दाबायला बसल्या जागी दंड काढावा लागे. महिन्याभरात काकांचा डावा गुडघा सुजला. अशा रीतीनं बिघाडानं पहिल्यांदाच गाडीचं खातं सोडून आरोग्य खात्यात बदली घेतली. डॉक्टरांनी जिने कमी चढा म्हणून सांगितलं. आमच्या घराला जिना नाही.

मधल्या काळात क्राऊन-पिनियनही बदलावं लागलं, आणि ते काम मात्र मी बसून पाहिलं, कारण ते बघण्यासारखं असतं. नव्या जोडीतले दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते डोळ्यांनी दिसत नाही. उस्तादांनी शेंदूर तेलात कालवला, क्राऊनच्या चार-पाच दातांना बोटानं लावला आणि पिनियन हातानं फिरवलं. जिथे घासलं तिथला शेंदूर पुसला गेला. ठसा दाताच्या शेंड्याकडे आला की पिनियनमागे पातळ पत्रा घालायचा, बुडाकडे गेला की काढायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. दुपार गेली. ठसा मधोमध आला तेव्हा उस्तादांनी बोट पुसलं आणि पहिल्यांदाच चहा मागवला. त्या दिवशी गाडीनं शहराबाहेर जाऊन परत येईपर्यंत एक शब्द काढला नाही. काकांना ते इतकं अपरिचित वाटलं की त्यांनी दोनदा थांबून बोनेट उघडून बघितलं.

पण खरी परीक्षा चिखलात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फोर व्हील म्हणजे चारही चाकं ओढतात, असं आपण समजतो. प्रत्येक एक्सलमध्ये एक डिफरन्शियल असतं, आणि त्याचा स्वभाव असा की ज्या चाकाला विरोध कमी, ते आधी फिरतं. आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त तेवढीच ताकद येते, जेवढी त्या पहिल्याला घसरत घसरत पेलते. वळणावर हे पाहिजेच, नाहीतर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं ते कापणार कसं. चिखलात मात्र पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोन चाकं जोरात फिरतात आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन शांत बसून बघतात. चार चाकांच्या गाडीत दोन कामाची आणि दोन हजेरीपुरती. गाडीला सरकारी वळण लागलं म्हणून नव्हे. सगळ्याच साध्या डिफरन्शियलचं हे असंच आहे.

शिवाय पुढच्या चाकांवर हब लॉक. 1948 मध्ये अमेरिकेतल्या आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थानं ही युक्ती काढली: डांबरी रस्त्यावर पुढचा एक्सल उगाच फिरू नये म्हणून चाकाच्या मधोमध एक खटका, पाहिजे तेव्हा खाली उतरून हातानं फिरवायचा. युक्ती फार चांगली आहे. फक्त 'पाहिजे तेव्हा' हे माणसाला गाडी रुतल्यावर कळतं. शहाणा माणूस घरूनच हब लॉक करून निघतो. काका शहाणे आहेत, पण ते निघाले तेव्हा ऊन होतं. सोयाबीनच्या कडेला आभाळ आलं, पंधरा मिनिटं ओतलं, आणि 31 इंची टायरांच्या खोल नक्षीत काळी माती अशी भरली की नक्षी दिसेनाशी झाली. काका स्टुलावरून उतरले. स्टूल गेलं, मागोमाग काका गुडघ्यापर्यंत गेले. नेमका डावा गुडघा. चिखलात हात घालून चाकाचा मध्य शोधणारे काका बांधावरून पाहिले तर गाडीच्या पाया पडत असल्यासारखे दिसत होते.

काढायला पुतण्याचा ट्रॅक्टर आला. मोठ्या मागच्या चाकांचा, पुढचा एक्सल न ओढणारा, साधा टू व्हील ट्रॅक्टर. पोरगं बारावीत नापास झालेलं. त्यानं साखळी अडकवली, टाचेखालचं एक लहानसं पेडल दाबलं आणि जीप ओढून नेली. ते पेडल म्हणजे डिफरन्शियल लॉक. दाबलं की दोन्ही चाकं एकजीव होतात. ट्रॅक्टरवर ते कंपनीकडूनच येतं, वेगळे पैसे पडत नाहीत. काका बराच वेळ त्या पेडलकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते उस्तादांकडे. हवेवर चालणारं ऑस्ट्रेलियन लॉकर मिळतं, पण त्याची किंमत ऐकून काकांनी सगळी जीप त्याच किमतीला कुणी घेईल का ते विचारलं. मग गरिबाचा उपाय: मागच्या डिफरन्शियलमधले छोटे गिअर वेल्ड करून टाकायचे. कायमचं लॉक. उस्तादांनी तीनदा बजावलं, "चिखलात देवासारखी चालन, डांबरावर भांडन." तशीच भांडली. पाटणी चौकात वळण घेताना आतलं चाक फरफटत असं किंचाळायचं की दुकानदार बाहेर येऊन बघायचे, आणि काका सवयीनं हात वर करून सगळ्यांना नमस्कार करायचे. फरफटीचा सगळा पीळ एक्सलमध्ये जातो. एके दिवशी मागचा डावा एक्सल शाफ्ट तुटला. क्रॉसपासून निघालेला बिघाड पिनियन, क्लच, गुडघा असा फिरत मुख्यालयी रुजू झाला होता.

कायद्याचं काय, हे मी मध्येच विचारून पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की नोंदणीपुस्तकात कंपनीनं दिलेला जो तपशील आहे, त्याहून वेगळं दिसेल असं गाडीत काही करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा बजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्या काय बदललं? पाटे त्याचेच, एक्सल त्याचाच. खालचं वर केलं फक्त." यावर कोर्टाला काय म्हणायचं असेल ते म्हणो, आळीत हा युक्तिवाद मान्य झाला.

समृद्धी महामार्ग आमच्या कारंज्यावरून, मालेगावावरून जातो. तिथे मोटारींना ताशी 120 ची मुभा. काका एकदा उत्साहानं चढले. उचललेल्या जीपमध्ये स्टिअरिंगची दांडीही तिरपी झालेली असते. चाक उंचवट्यावर चढलं की दांडी चाकाला ओढते, आणि गाडी चालकाला न विचारता दिशा ठरवते. साठच्या वर काकांचं आणि गाडीचं एकमत होईना. पुढच्या एक्झिटला ते उतरले आणि म्हणाले, रस्ता फार सरळ आहे, मजा नाही.

या सगळ्यातून जीपला तिचं काम सापडलं ते लग्नात.

मूळ तीन गिअरच्या जीपमध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण 2.8. ट्रान्सफर केसमधला लो टाकला की त्याला 2.46 नं गुणा, मग 5.38 नं. सदतीस. म्हणजे इंजिन सदतीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. इंजिन हजार फेऱ्यांवर निवांत गुरगुरत असलं आणि 31 इंची टायर असले, तर वेग भरतो ताशी 4 किलोमीटर. बँडवाल्यांची चाल नेमकी एवढीच असते. वरातीत बाकीच्या गाड्या क्लच अर्धा दाबून तासनतास रांगतात आणि नवरी यायच्या आत क्लच जळतो. काकांची जीप पाय न लावता आपली आपण चालते, मारुतीच्या देवळापाशी नाचणारे अडले तरच ब्रेक. फक्त एक अडचण होती: लो टाकायचा तर पुढचा एक्सलही जोडावा लागतो, नाहीतर दांडा पडतच नाही, आणि कोरड्या सिमेंट रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडली की वळणावर गाडी आखडते. उस्ताद हसले. "हब उघडे ठेवा ना. दांडा समजन फोर व्हील लागलं, चाकाले पत्ताच नाही."

आता लग्नसराईत काकांना उसंत नसते. बोलणी करायला येणारा वरबाप गाडीभोवती एक फेरी मारतो, टायरला लाथ मारून बघतो आणि हमखास विचारतो, "फोर व्हील हाय ना?" काका "हाव" म्हणतात. वरातीचा रस्ता हनुमान मंदिर ते मंगल कार्यालय, पूर्ण काँक्रीट. गुडघाही बरा आहे, क्लच दाबायला लागत नाही म्हणून.

मागच्या मोसमात बोनेटमधून वाफ आली. चार किलोमीटरच्या वेगाला वारा लागत नाही, इंजिन तापतं. नवरदेवाच्या फेट्यापर्यंत वाफ गेली आणि फोटोवाल्यानं ती मुद्दाम सोडली असं समजून तीन फोटो काढले. दुसऱ्या सकाळी उस्ताद जाळीसमोर उकिडवे बसून वितीनं माप घेत होते.

"बोलेरोचं रेडिएटर बसते," ते म्हणाले. "फक्त गाडीचं तोंड दोन इंच समोर न्यावं लागन."

काकांनी जीपकडे एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं.

"दोनच?"